ढोल कोणता, हे न सांगणारा संगीतकार

यानिस क्सेनाकिस या संगीतकाराची 'रबों' ही तालवाद्यांची रचना मी पहिल्यांदा ऐकली ती मोबाइलच्या स्पीकरवर, रात्री साडेदहाला, ओट्यावर फोन टेकवून भांडी विसळता विसळता. दोन मिनिटांत आई आतल्या खोलीतून आली. "एवढ्या रात्री वर कुणी फरशी बसवतंय का रे?" खरं तर मलाही तसंच वाटत होतं. पण ज्याने ही रचना ऐकायला सांगितली होती तो मित्र तबल्यातला दर्दी, म्हणून गप्प बसलो.

चार दिवसांनी तेच रेकॉर्डिंग बऱ्यापैकी हेडफोनवर ऐकलं, तेव्हा कळलं की त्या रात्री मी रचना ऐकलीच नव्हती. 'रबों'च्या 'ए' भागात सात चर्मवाद्यं आहेत: दोन बोंगो, तीन टॉमटॉम आणि दोन बेस ड्रम. बोंगो म्हणजे मांडीत मावणारे छोटे, कडक आवाजाचे ढोल, टॉमटॉम मधले, आणि बेस ड्रम म्हणजे पोटात घुमणारा खर्ज. मोबाइलचा स्पीकर नखाएवढा असतो. खर्जासाठी जेवढी हवा हलवावी लागते तेवढी त्याला हलवताच येत नाही. बेस ड्रम गायब, आणि बोंगोची टकटक तेवढी शिल्लक. तबला ऐकताना डग्गा काढून टाकला तर जे उरेल, ते मी ऐकत होतो. शेजारी फोनवर बोलत असतात आणि आपल्याला एकच बाजू ऐकू येते, तसं.

तालवाद्यांच्या रेकॉर्डिंगचं हे दुखणं सगळ्याच संगीतात आहे. पण क्सेनाकिसच्या बाबतीत ते जरा जास्त आहे, कारण हा माणूस कागदावर बऱ्याच गोष्टी लिहीतच नाही. कोणतं वाद्य घ्यायचं, ते कोणत्या सुरात लावायचं, कधीकधी तर कोणता भाग आधी वाजवायचा, हे सगळं तो वादकावर सोडतो. त्याची सीडी हातात घेतली की रचनेचं अर्धं काम दुसऱ्याच कुणीतरी केलेलं असतं. ते कुणी आणि कसं केलं, हे माहीत असलं तर ऐकण्याची मजा दुप्पट होते.

क्सेनाकिस ग्रीक. जन्म १९२२चा, रोमेनियातल्या ब्राइला गावचा. अथेन्समध्ये इंजिनिअरिंग शिकला, दुसऱ्या महायुद्धात प्रतिकार चळवळीत उतरला. १९४४च्या डिसेंबरात अथेन्सच्या रस्त्यांवर ब्रिटिश सैन्याशी लढाई जुंपली, त्या धुमश्चक्रीत रणगाड्याचा गोळा फुटून त्याचा डावा डोळा गेला. १९४७ मध्ये तो पळून पॅरिसला पोचला. मागे ग्रीसमध्ये त्याला मृत्युदंड ठोठावला गेला. पॅरिसमध्ये त्याला काम मिळालं ते ल कॉर्बुझिए या वास्तुविशारदाच्या कार्यालयात. आपल्या चंदीगडचे आराखडे झाले ते हेच कार्यालय. तिथे तो १९५९ पर्यंत होता, दिवसा इमारतींचे नकाशे आणि उरलेल्या वेळात संगीत. २००१ मध्ये तो पॅरिसमध्येच वारला.

त्याच्या आठवणींतली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. मोर्चात हजारो लोक एका लयीत घोषणा देत असतात. एक घोषणा पुढून निघते, मागे पोचते, तिची जागा दुसरी घेते. मग गोळीबार होतो. ती लय क्षणात फुटते आणि तिच्या जागी किंकाळ्या, धावपळ, बंदुकींचे विस्कळीत आवाज पसरतात. मग शांतता. क्सेनाकिसने हे लिहून ठेवलंय, आणि त्याला यात दिसलं ते गणित: ठरीव लयीकडून पूर्ण विस्कळीतपणाकडे जाताना मधे कोणकोणत्या पायऱ्या लागतात? 'रबों'चा 'ए' भाग ऐकताना मला हेच आठवतं. सुरुवातीला मोजके, सुटे आघात. हळूहळू त्यांच्या मधल्या जागा भरत जातात, आणि पुढे इतकी दाटी होते की दोन हातांच्या माणसाकडून हे होतंय यावर विश्वास बसत नाही.

गणित म्हटलं की लोक पान उलटतात. थांबा, हे गणित टाळ्यांवर करता येतं.

बारा मात्रा मोजा. उजव्या हाताने दर तिसऱ्या मात्रेला आघात द्या: १, ४, ७, १०. डाव्या हाताने दर चौथ्या मात्रेला: १, ५, ९. आता दोन्ही हातांचे आघात एकाच ओळीत लिहा: १, ४, ५, ७, ९, १०, आणि पुढची १३वी म्हणजे पुन्हा सम. दोन आघातांमधली अंतरं बघा: ३, १, २, २, १, ३. डावीकडून वाचा नाहीतर उजवीकडून, ओळ तीच. ज्यांनी तबला शिकलाय त्यांना हा 'तीनात चार'चाच प्रकार वाटेल, आणि तो तसाच आहे. क्सेनाकिस याला 'चाळणी' म्हणायचा. सगळ्या मात्रा चाळणीत टाकायच्या, तीनची एक जाळी, चारची एक जाळी, वर जे उरेल तो ताल. जाळ्या बदला, त्या एकमेकींवर सरकवा, एकीतून दुसरी वजा करा, की वेगळा ताल. 'प्साफा' या रचनेची सुरुवात अभ्यासकांनी उलगडली, तेव्हा तिथे आठ आणि पाच यांच्या जाळ्या सापडल्या, म्हणजे ४० मात्रांचं आवर्तन. ऐकताना हे चाळीस कुणालाही मोजता येत नाहीत. पण लयीला काहीतरी आतला हिशेब आहे, ती उगाच भरकटत नाही, हे कानाला कळतं.

'प्साफा' १९७५ची. नाव ग्रीक कवयित्री सॅफोचं, तिच्या नावाचं जुनं रूप. एकट्या वादकासाठी, साधारण १२ ते १४ मिनिटांची. १९७६ मध्ये लंडनला सिल्व्हियो ग्वाल्दा या फ्रेंच वादकाने ती पहिल्यांदा वाजवली. हिची स्वरलिपी पाहिली तर संगीताचा कागद वाटतच नाही, शाळेतला आलेखाचा कागद वाटतो. उभ्या रेघा म्हणजे मात्रा. आडव्या ओळी म्हणजे वाद्यं. जिथे ठिपका तिथे आघात. ठिपका अमुक रेघेवर आहे म्हणजे आहे, तिथे 'साधारण' वगैरे चालत नाही.

पण त्या आडव्या ओळींवर वाद्यांची नावं नाहीत. ए, बी, सी, डी, ई, एफ असे सहा गट आहेत. पहिले तीन लाकडाचे किंवा चामड्याचे, पुढचे तीन धातूचे. काही गटांत आणखी उंच, मधला, खालचा अशा पायऱ्या. बस्स. चामड्याच्या गटात कुणी बोंगो घेईल, कुणी टॉमटॉम. धातूसाठी कुणी भंगारातली पट्टी टांगेल, कुणी लोखंडी नळी. वेळ मिलिमीटरमध्ये आखून दिलेली आणि आवाज मात्र खुला. आपल्याकडच्या ठेक्याच्या अगदी उलट, म्हणा ना. आपल्याकडे 'धा' म्हटलं की कोणता आवाज हे पक्कं असतं, आणि तो नेमका कितव्या क्षणाला पडेल यात वादकाची नजाकत.

आघातावर जोर द्यायचा म्हणजे काय, हेही त्याने एकच एक ठरवलेलं नाही. स्वरलिपीत जोराची खूण आहे आणि तिचे पर्याय दिलेत: आवाज मोठा करा, किंवा त्याचा रंग एकदम बदला, किंवा वजन बदला, किंवा त्याच क्षणी दुसरं वाद्य जोडीला वाजवा, किंवा यातलं बरंच काही एकदम करा. आता विचार करा, रचनेभर पसरलेल्या अशा खुणा, आणि प्रत्येक वादकाचा निर्णय वेगळा.

म्हणून 'प्साफा' एकाच रेकॉर्डिंगवर ऐकून सोडून देऊ नये. ग्वाल्दाची स्वतःची एलपी आहे, फ्रान्सच्या एरातो कंपनीने काढलेली. डेन्मार्कचा गर्ट मॉर्टेन्सन स्वीडनच्या बिस कंपनीसाठी वाजवतो; माझ्या मते सगळ्यांत अंगावर येणारं रेकॉर्डिंग हेच. अमेरिकेच्या स्टीव्हन शिकने मोड कंपनीसाठी केलेला तीन सीडींचा संच २००६ मध्ये आला. त्यात 'प्साफा' आहे, 'रबों' आहे, आणि क्सेनाकिसच्या तालवाद्यांच्या बहुतेक सगळ्या महत्त्वाच्या रचना एका जागी मिळतात. समूहाच्या रचनांत शिकसोबत 'रेड फिश ब्लू फिश' हा सॅन डिएगोच्या विद्यापीठातला गट वाजवतो. सुरुवात करणाऱ्याने एकच संच घ्यायचा तर हा. पण मॉर्टेन्सन आणि शिक पाठोपाठ लावा आणि बाजूला बसलेल्याला काही सांगू नका. माझ्या मित्राच्या बायकोला या दोन वेगवेगळ्या रचना वाटल्या होत्या, आणि तिचं काही चुकलं नव्हतं.

आता सहा जणांच्या रचनांकडे. इथे फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गचा 'ले पेर्क्युस्यों द स्त्रासबूर' हा गट महत्त्वाचा. १९६२ मध्ये स्थापन झालेला, सहा तालवादकांचा. क्सेनाकिसने यांच्यासाठी दोन मोठ्या रचना केल्या. पैकी 'प्लेयाद' ही १९७८ची, पाऊण तासाची. चार भाग: एक धातूचा, एक चामड्याचा, एक झायलोफोनसारख्या सुरपट्ट्यांच्या वाद्यांचा, आणि चौथा या तिन्हींचं मिश्रण. कोणता भाग आधी आणि कोणता नंतर, हे इथेही वादकांनी ठरवायचं, त्यामुळे सीडीवरचा क्रम बघून घ्या.

या धातूच्या भागासाठी क्सेनाकिसला हवं तसं वाद्य बाजारात नव्हतं, म्हणून त्याने ते नव्याने योजलं आणि नाव ठेवलं 'सिक्सेन': 'सिक्स' म्हणजे फ्रेंचमधले सहा आणि पुढे स्वतःच्या नावातली अक्षरं. प्रत्येक वादकापुढे १९ धातूच्या पट्ट्या. सहा जण म्हणजे ११४. आणि अट अशी, की ही सहा वाद्यं एकमेकांशी सुरात जुळता कामा नयेत. म्हणजे तुमच्या तिसऱ्या पट्टीचा सूर माझ्या तिसरीच्या जवळपास हवा, पण तोच नको.

हा खटाटोप कशासाठी? तानपुरा लावताना बघा. जोडीच्या दोन तारा अगदी जवळ आल्यात पण मिळालेल्या नाहीत, अशा वेळी एक 'वाँव-वाँव' ऐकू येतं. आवाज फुगतो, ओसरतो, फुगतो. एक तार सेकंदाला ४४० वेळा कंप पावत असेल आणि दुसरी ४४३ वेळा, तर हे हेलकावे सेकंदाला बरोबर ३ येतात. तारा जुळत गेल्या की ते मंदावतात आणि मिळाल्या की थांबतात. गवई नेमकं ते थांबायची वाट बघत खुंटी पिळतो. क्सेनाकिसला हेलकावे थांबायला नकोच होते. सहा जण एकाच लयीत जवळजवळ एकच पट्टी मारतात, तेव्हा हवेत असा काही धातूचा धूर उठतो की एकेक आघात वेगळा काढता येत नाही. मग सहाजणांची लय एकमेकांपासून सुटायला लागते आणि तो धूर आणखी दाट होतो. पहिल्यांदा ऐकताना दात आंबतात. मला तरी दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपर्यंत हा भाग पुरता ऐकवला नव्हता.

सिक्सेन दुकानात मिळत नसल्यामुळे बहुतेक गट ते स्वतः बनवून घेतात: कुणी पितळ-काशाच्या जातीचा मिश्रधातू वापरतो, कुणी ॲल्युमिनियम, कुणी पोलाद. पट्टीची जाडी, तिला कुठे भोक पाडलंय, ती कशावर टेकवलीय, नादाची आस किती वेळ टिकते, सगळं वेगळं. म्हणून स्ट्रासबर्गच्या गटाचं 'प्लेयाद', स्वीडनच्या 'क्रूमाटा' गटाचं (हे मॉर्टेन्सनच्या 'प्साफा'सोबत एकाच सीडीवर आहे) आणि शिकच्या संचातलं, यांतला धातूचा भाग पाठोपाठ ऐकलात तर स्वरसुद्धा वेगळे असतात. पाश्चात्त्य संगीतात, जिथे व्हायोलिनच्या एका सुरावरून भांडणं होतात, तिथे ही गोष्ट लहान नाही.

आणि मग कुनिको कातो. जपानची ही वादक लिन कंपनीच्या २०१५च्या रेकॉर्डिंगमध्ये 'प्लेयाद'मधले सहाही वादकांचे भाग एकटीच वाजवते. एका वादकाचा भाग वाजवायचा, ध्वनिमुद्रित करायचा, मग त्याच्यावर दुसरा, असे सहा थर. फसवणूक आहे का ही? मैफलीत हे कधीच घडू शकत नाही, एवढं खरं. पण एकाच व्यक्तीचा हात असल्याने सहाही भागांचं वजन सारखं आहे, आणि लयी एकमेकींपासून सुटतात तो क्षण काच पुसल्यासारखा लख्ख दिसतो. सहा माणसं एकत्र वाजवताना एकमेकांकडे बघत असतात, कुणी कणभर घाई करतो, दुसरा त्याला सावरतो; ती धग मात्र इथे नाही. शिकण्यासाठी कुनिको, थरारासाठी स्ट्रासबर्ग, असं माझं मत. मित्राला हे मान्य नाही.

दुसरी रचना 'पर्सेफासा' १९६९ची. इराणमधल्या शिराझच्या कला महोत्सवासाठी केलेली, आणि पहिला प्रयोग पर्सेपोलिसच्या प्राचीन अवशेषांत. चामडं, लाकूड आणि धातू तर आहेतच, शिवाय गोटे आहेत, भोंगे आहेत, आणि ग्रीक मठांमध्ये प्रार्थनेला बोलावण्यासाठी बडवतात तशा फळ्याही. हिच्यात सहा वादक श्रोत्यांच्या भोवती गोल उभे राहतात. शेवटाकडे आघात एका वादकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे गोल फिरू लागतात. फेऱ्यांवर फेऱ्या चढतात, प्रत्येकीचा वेग निराळा आणि वाढत जाणारा. मधे बसलेला माणूस भोवऱ्याच्या आसावर बसल्यासारखा. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ही रचना तळ्याकाठी सहा ठिकाणी वादक उभे करून वाजवली गेली आणि श्रोते होड्यांमध्ये बसून ऐकत होते. प्रत्येक होडीतला 'पर्सेफासा' वेगळा असणार, हे उघड आहे.

हे सगळं दोन स्पीकरमध्ये कोंबायचं म्हणजे गोल पोळी दुमडून डब्यात भरण्यासारखं. मागचा आवाज पुढे येतो, वर्तुळाची रेघ होते. आवाज फक्त डावीकडून उजवीकडे आणि परत असा झोके घेतो. 'पर्सेफासा'ची सीडी ऐकायची तर हे गृहीत धरूनच. हेडफोनवर थोडं जास्त कळतं, पण तो शेवटचा भोवरा कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये मला पुरता सापडलेला नाही.

रेकॉर्डिंग करणाऱ्यांच्याही अडचणी समजून घ्यायला हव्यात. मोठ्या दगडी सभागृहात बेस ड्रम मारला की आवाज भिंतींवर आपटून परत येतो, तोवर पुढचे चार आघात पडलेले असतात, आणि सगळ्याचा काला होतो. मायक्रोफोन अगदी चामड्याजवळ नेला तर आघात सुटे ऐकू येतात, पण वाद्याचा घुमारा जातो आणि काठीची चटचटच पुढे येते. 'रबों'च्या 'बी' भागात तर चामड्यांसोबत पाच लाकडी ठोकळे आहेत. वरच्या बोंगोवर एक अखंड बारीक लय, खाली जड आघात, आणि त्यांना कापत जाणारे ते ठोकळे. ठोकळ्याचा आवाज सुईसारखा, बेस ड्रमचा उशीसारखा. दोन्ही एकाच मायक्रोफोनला न्याय मागतात. ('ए' आणि 'बी' यांतला कोणता आधी वाजवायचा, ते अर्थातच वादकाने बघायचं. १९८७ ते ८९ मध्ये ग्वाल्दासाठी लिहिलेली ही रचना आज जगभरच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षांमध्ये असते, आणि क्रमावरून वाद तिथेही होत असणार.)

घरी ऐकताना एक गोष्ट करा: ॲपमध्ये आवाज आपोआप सारखा करणारी सोय असते, ती बंद करा. हळू आवाज उचलून आणि मोठा दाबून ती सगळं एका पातळीवर आणू शकते. सिनेमाच्या गाण्याला चालतं. इथे पुसट आणि प्रचंड यांच्यामधल्या अंतरावरच सगळं उभं आहे. आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

'प्साफा'च्या मध्यानंतर एक जागा येते. एक जबरदस्त आघात, आणि मग काहीच नाही. पुन्हा एक आघात, पुन्हा काहीच नाही. पहिल्यांदा मला वाटलं नेट गेलं. फोन उचलून बघितला, तर खालचे सेकंद चालूच होते.